एप्रिल-मेमध्ये स्कॉटलंडची बेटं: चौघांच्या बॅगा, एक ओव्हरकोट आणि सासूबाईंच्या साड्या

केतकी_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. एप्रिलअखेरीस आम्ही इंदूरहून चौघं जण स्कॉटलंडला निघतोय. मी, नवरा आणि सासू-सासरे. आधी एडिनबरा, मग फोर्ट विल्यम, मॅलेगहून फेरीने स्काय बेट, परतताना ओबानवरून मल बेट आणि समुद्राच्या मनात असेल तर स्टाफा. व्हिसा, तिकिटं, भाड्याची गाडी, सगळं मार्गी लागलंय. अडलंय ते बॅगांवर.

घरात दोन पक्ष पडलेत. सासरे म्हणतात, "मे महिन्यात स्वेटर नेतात का कुठे?" सासूबाईंनी माळ्यावरची ट्रंक उतरवून सासऱ्यांचाच जुना लोकरी ओव्हरकोट गच्चीत उन्हाला टाकलाय. इथे पारा चाळिशीला टेकलाय आणि आमच्या गच्चीवर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटलाय. शेजारच्या काकूंनी "काय हो, कुणी आजारी आहे का?" असंही विचारून झालं. नवऱ्याचं म्हणणं, सगळं तिकडे जाऊनच घेऊ. त्याला पौंडाचा भाव कुणीतरी सांगा.

तिकडचा पाऊस नक्की कसा असतो आणि त्याला काय पुरतं? शिवाय सासूबाई साडीच नेसतात. वय सत्तरीकडे झुकलंय, पण चालायला खणखणीत. त्यांच्यासाठी काही सुचवता आलं तर फार बरं होईल.

छप्पनवाला

ताई, उगाच डोक्याला ताप करून घेताय. एक मोठी छत्री, एक स्वेटर, विषय संपला. मेमध्ये थोडं ऊन पडलं की तिकडची माणसं अर्ध्या चड्डीत बागेत लोळत असतात. पाऊस आपण काय बघितला नाही का? (हलके घ्या.)

ओलीचिंब

छत्री घरी ठेवा, नाहीतर फार तर एडिनबऱ्यापुरती एक घडीची टाका. बेटांवर ती पहिल्याच वळणावर उलटी होते, मग दिवसभर मोडक्या काड्या सांभाळत हिंडायचं.

मी मूळची लोकमान्य नगरची, आता बरीच वर्षं ग्लासगोत, म्हणून दोन्हीकडचं सांगते. इंदूरला वर्षाकाठी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, एडिनबऱ्याला सातशेच्या आसपास. म्हणजे पाऊस तुमचाच जास्त. पण तुमचा जून ते सप्टेंबरात उरकतो आणि इकडचा बारा महिने थोडाथोडा झिरपत राहतो. पश्चिमेकडे सरकलात की आकडे बदलतात. फोर्ट विल्यमला दोन हजारांच्या घरात, स्कायच्या कुलिन डोंगरांत तीन हजारांच्याही वर. महाबळेश्वर आणि वाईत जो फरक, तोच इथे पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यात. त्यातल्या त्यात एप्रिल-मे हे पश्चिमेचे कोरडे महिने, तेव्हा वेळ चांगली निवडलीत.

तापमान दिवसा १० ते १५, रात्री ४ ते ७ धरून चाला. जानेवारीतल्या एखाद्या कडक पहाटे इंदूरलाही पारा एवढा उतरतो, त्यामुळे थंडीचं अप्रूप नाही. त्रास होतो तो वाऱ्याचा. अंगावर ओलं कापड आणि त्यावर समुद्राचा वारा, मग १२ अंशांतही दात वाजतात. उलट कोरडे असाल तर त्याच १२ अंशांत चढावर घाम फुटतो आणि स्वेटर कमरेला बांधावा लागतो. दिवसातून चार वेळा काढ-घाल होणार, हे धरूनच बॅग भरा.

म्हणून तो ओव्हरकोट परत ट्रंकेत जाऊ द्या. भिजला की तीन दिवस सुकणार नाही आणि गाडीत ओल्या मेंढीचा वास घेऊन फिरावं लागेल. आत अंगाला बसणारं थर्मल, त्यावर पातळ लोकरी किंवा फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा-पाणी दोन्ही अडवणारं टोपीवालं जॅकेट. जीन्स नकोच. सुती बनियन, सुती मोजेही शक्यतो टाळा. सुताला पाणी सोडवत नाही. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते, आणि पॉलिस्टर निदान लवकर वाळतं.

काकांनी कानटोपी काढली तर मात्र कुणी हसू नका. ती हवीच.

केतकी_राजेंद्रनगर

बाप रे, किती सविस्तर! ओव्हरकोटाचा निकाल ऐकून सासरे खूश, सासूबाई गप्प.

पण जॅकेट ओळखायचं कसं? काल ट्रेझर आयलंडमध्ये आणि नंतर डेकॅथलॉनमध्ये हिंडलो. जो तो "मॅडम, पूरा वॉटरप्रूफ है" म्हणतो. सातशे रुपयांचंही वॉटरप्रूफ आणि सात हजारांचंही.

जानापाव८५४

दुकानदाराचं ऐकू नका, जॅकेट उलटं करा. बाही आतून बाहेर काढा आणि खांद्याची, काखेची शिवण बघा. शिवणीवर बोटभर रुंदीची गुळगुळीत पट्टी चिकटवलेली दिसली तर ते पावसासाठी बनवलंय. नुसता दोरा दिसत असेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत येणार, मग कापड कितीही भारी असो. चेन बघा, तिच्यावर झडप आहे का. टोपीला पुढे कडक कड आणि मागे आवळायची दोरी आहे का. मान वळवली की टोपी बरोबर वळली पाहिजे, नाहीतर डावीकडे बघाल आणि समोर टोपीचं अस्तर दिसेल.

लेबलवर मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. कापडावर पाण्याचा स्तंभ किती उंच उभा केला तर ते झिरपायला लागतं, त्याची ती उंची. १५०० म्हणजे रिमझिमीपुरतं, १०,००० च्या पुढे असेल तर वाऱ्यासकटच्या पावसात निभावतं. "वॉटर रेझिस्टंट" लिहिलेलं असेल तर ते चहाला जाऊन येण्यापुरतं समजा.

घरी आणलं की बाथरूममध्ये शॉवरखाली घालून पाच मिनिटं उभे राहा, आत फिक्या रंगाचा शर्ट घालून. शर्टावर डाग कुठे पडतात ते बघा. बिल जपून ठेवा, टॅग काढू नका.

आमच्याकडे पावसाळ्यात मिळते ती रबरी बरसाती पाणी अडवते, नाही असं नाही. पण चढावर अर्ध्या तासात आतून घामानेच भिजता. गाडीतून उतरून फोटो काढायला पुरेल, स्कायवरच्या स्टोर डोंगराचा चढ चढायला नाही.

चष्मा असेल तर जॅकेटच्या टोपीखाली साधी क्रिकेटची टोपी घाला. तिच्या पुढच्या फळीमुळे काचांवर थेंब येत नाहीत.

छप्पनवाला

शॉवरखाली जॅकेट घालून उभं राहायचं, इंदुरात, एप्रिलमध्ये! चला, गारवा तरी मिळेल.

लष्करकर

ग्वाल्हेरहून साष्टांग. साडीचा प्रश्न कुणी घेतच नाहीये म्हणून मीच घेतो. सासूबाईंना नऊवारी नेसवा. काष्टा मारला की दोन्ही पाय मोकळे, डोंगर चढा, बोटीत चढा. आमची आजी याच वेषात विहिरीत उतरायची. वरून जॅकेट, खाली ट्रेकिंगचे बूट. स्काय बेटावर वाहतूक थांबेल.

ओलीचिंब

लष्करकर, हसले खरी, पण तत्त्व बरोबर आहे. अडचण साडीची नाही, घोळाची आहे. पाचवारीचा घेर आणि निऱ्यांची कड घोट्याशी लोळते, ओल्या गवतातून चाललं की पाणी वर वर चढत गुडघ्यापर्यंत येतं. शिवाय इकडच्या पायवाटांवर काळी, स्पंजासारखी पीटची जमीन असते, फॉलला लागलेला तो चिखल सहजी निघत नाही.

केतकी, माझी आई आली तेव्हा आम्ही असं केलं. शहरात साडीच, पण सिंथेटिक जॉर्जेटची, बोटभर उंच नेसलेली. नेहमीच्या घेरदार परकराऐवजी आत लोकरी लेगिंग आणि त्यावर साडीसाठी मिळतो तो अंगासरशी परकर. ब्लाउज लांब बाह्यांचं, किंवा थर्मलचा वरचा भागच ब्लाउज म्हणून. पदर खांद्यावर पिनने पक्का करून पूर्ण जॅकेटच्या आत. जॅकेट मांडीपर्यंत येणारं लांब घ्या आणि त्यांच्या मापाहून एक नंबर मोठं, नाहीतर निऱ्यांवर चेन लागत नाही. हे दुकानात साडी नेसूनच घालून बघायचं, ड्रेसवर नाही.

बेटांवर आणि बोटीवर मात्र साडी नकोच. हौसेचा प्रश्न नाही. हलत्या बोटीतून ओल्या दगडी पायरीवर पाय टाकायचा असतो, एक हात खलाशाच्या हातात, दुसरा कठड्यावर. निऱ्या उचलायला तिसरा हात नसतो.

केतकी_राजेंद्रनगर

धागा सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत टंकते आहे:

"सर्वांना नमस्कार. मी पचमढीला साडी नेसून चौरागढ चढलेली आहे आणि पावसात चढलेली आहे, ते आधी सांगते. पंजाबी ड्रेस मी घालत नाही असं कुणी समजू नये, घरात गाउन घालतेच की. पण परदेशात फोटो निघणार, ते भिशीच्या ग्रुपवर जाणार. ग्लासगोच्या ताई तिसऱ्या हाताचं बोलल्या ते मात्र पटलं. बोटीच्या दिवशी आणि डोंगराच्या दिवशी ड्रेस. एडिनबऱ्याच्या किल्ल्यात साडी. मधल्या दिवसांचं आम्ही हवा बघून ठरवू. आणि ओव्हरकोट मी यांच्यासाठी काढला होता, यांना गुडघ्यात वारा जातो म्हणून. त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही."

जानापाव८५४

काकू, दंडवत. चौरागढचं ऐकून विषयच संपला.

काकांच्या गुडघ्यांसाठी थर्मल पायजमा आणि त्यावर ओव्हरट्राउझर, म्हणजे पँटवरून चढवायची पातळ पावसाळी विजार. बाजूला गुडघ्यापर्यंत चेन असलेलीच घ्या, म्हणजे बूट न काढता चढवता येते. चेन नसेल तर भर पावसात रस्त्याकडेला एका पायावर नाचत बूट काढावे लागतात, आणि या वयात ते नको.

बुटांवर पैसे खर्च करा, बाकी कशात काटकसर केलीत तरी चालेल. आत पाणी न घेणारे, घोट्याच्या वर येणारे, तळाला खोल खाचा असलेले. जाड मोजे घालून माप घ्या, पुढे अंगठ्याला जागा हवी. आजपासून रोज घाला. सकाळी रेसिडेन्सीत किंवा मेघदूतला फिरायला जात असाल तर तेच बूट पायात. लोक बघतील, बघू देत. नवे कोरे बूट थेट स्कायवर काढलेत तर टाचेला फोड ठरलेला.

पाठीवरच्या सॅकला बाहेरून जे रेनकव्हर असतं ते वाऱ्यात फुगून उडतं. त्यापेक्षा सॅकच्या आत एक मोठी जाड कचऱ्याची पिशवी घाला आणि सामान तिच्यात. ओला-सुका वेगळा करणाऱ्या इंदूरकरांच्या घरात अशा पिशव्यांना तोटा नसावा. येताना ओले कपडेही त्यातच.

सयाजीनगरी

वडोदऱ्याहून. खाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण आमच्या घरात निम्मी बॅग तीच असते.

बाहेरून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, मावाबाटी, पनीर बाद. दुधाची पावडर घातलेलं चहाचं प्रीमिक्सही त्याच भानगडीत अडकू शकतं, तेव्हा नुसती चहापत्ती आणि मसाला न्या, दूध तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबे, कुठल्याही प्रकारचं रोप-बी नको. सेव, चिवडा, खाकरा, मेथीचे ठेपले तेलातले, भाजलेले मखाणे, जीरावन मसाला, सगळं सीलबंद पाकिटात आणि नाव लिहिलेलं असलं की विचारलं तर सांगता येतं. लोणचं केबिन बॅगेत ठेवू नका. सुकं खोबरं तर आपल्याकडच्या विमानात चेक-इन बॅगेतही चालत नाही, चटणीत घातलेलं वेगळं, अख्खी वाटी नको. पॉवर बँक उलट, ती केबिनमध्येच.

तिकडे बहुतेक हॉटेलच्या खोल्यांत पाणी उकळायची किटली ठेवलेली असते. उकळतं पाणी ओतायचे पोहे-उपमा घेतलेत तर सकाळचं काम झालं. वर इंदुरी सेव आणि जीरावन. वाफेवरच्या पोह्यांची सर नाही, पण सासरे गप्प बसतील.

औषधपेटी

घाईत आहे, थोडक्यात. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि केबिन बॅगेत. चिठ्ठीवर औषधाचं ब्रँडचं नाव नको, मूळ नाव हवं. तिकडे पॅरासिटामॉल किराणा दुकानातही मिळतं पण एका पाकिटात १६ गोळ्याच, १९९८पासून तसा नियम आहे. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. बोट लागण्याची गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही.

खडकवेडा

थोडं अवांतर. स्टाफाला जाणार असाल तर पाय जपून टाका, कारण ते अख्खं बेट षटकोनी खांबांच्या काळ्या पाषाणाचं आहे, ओलं झालं की साबणासारखं. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि असे खांब फुटतात. आपला माळवाही लाव्हाच्याच थरांवर बसलाय, फक्त स्टाफाहून काही दशलक्ष वर्षं जुना. देवास जिल्ह्यात कावडिया पहाड आहे, तिथे अगदी असेच खांब आहेत. इंदूरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. नवे बूट तिथेच एकदा चालवून बघा ना, सरावही होईल आणि काकांना स्टाफावरच्या फिंगल्स केव्ह या गुहेत गेल्यावर गाइडला दोन गोष्टी सुनावताही येतील.

दुर्बीण असेल तर घ्या. मेमध्ये शेजारच्या बेटांवर पफिन पक्षी आलेले असतात.

छप्पनवाला

बरं, छत्री मागे घेतो. पण डासबिस असतात का? की तेही थंडीने गारठतात?

ओलीचिंब

डास नाहीत, मिज असतात. केसाच्या टोकाएवढे, पण थव्याने येतात. साधारण मेच्या मध्यापासून सुरू होतात, म्हणजे तुमच्या सहलीच्या अखेरीस जेमतेम भेटतील. वारा ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर गेला की त्यांना उडता येत नाही, त्यामुळे ज्या वाऱ्याला आपण शिव्या घालतो त्याचा एवढा एक उपकार. त्यांच्यासाठीचं क्रीम इकडे आल्यावरच घ्या.

मिजपेक्षा गोचिडाकडे लक्ष द्या. वसंतात उंच गवतात आणि हेदरच्या झुडपांत असतात, लाइम नावाचा आजार पसरवतात. पँट मोज्यात खोचायची, आणि रात्री खोलीवर गेलं की गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी बघून घ्यायचं. चिकटलेला दिसला तर पिळून काढू नका, फार्मसीत त्यासाठी छोटा आकडा मिळतो.

मेच्या मध्याला स्कायवर पहाटे पाचला उजाडतं आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी चौघांनाही घ्या. प्लगचं म्हणाल तर इकडे चौकोनी तीन पिनांचा असतो, आपला बसत नाही. दोन अडॅप्टर आणि आपल्याकडचा एक एक्स्टेन्शन बोर्ड, चौघांचं भागतं.

आणि तुमच्या नवऱ्याचंही अगदीच चूक नाही हं. इकडे प्रत्येक गावात चॅरिटी शॉप असतात, लोकांनी दिलेले कपडे धर्मादाय संस्थेसाठी विकतात. तिथे चांगलं फ्लीस, लोकरी स्वेटर पाच-दहा पौंडांत मिळून जातं. जॅकेट आणि बूट इंदूरहून, मधला थर एडिनबऱ्यात, असं केलंत तर बॅगही हलकी राहील. एप्रिलमध्ये इंदुरात स्वेटर शोधणं म्हणजे... तिबेटी स्वेटरवाले तर केव्हाच आपल्या गावी गेले असतील.

केतकी_राजेंद्रनगर

मंडळी, किती आभार मानू. अद्ययावत माहिती: चारही जॅकेटं शॉवर परीक्षेला बसली, तीन पास. नवऱ्याचं काखेतून गळलं, ते बदलून आणलं. सासूबाईंनी दुकानात साडीवर जॅकेट घालून दहा मिनिटं आरशासमोर हात वर-खाली करून बघितले, दुकानातला मुलगा घाबरून मॅनेजरला घेऊन आला. सासरे रोज सकाळी बूट आणि कानटोपी दोन्ही घालून फिरायला जातात. कानटोपीचा सराव करायची गरज नाही, हे सांगून थकले.

दोन शंका उरल्यात. बूट आतून भिजले तर रात्रीत वाळवायचे कसे? आणि फेरीवर गाडीतच बसून राहता येतं ना? सासूबाईंना जिने नकोत.

ओलीचिंब

बूट हीटरवर ठेवू नका, तळाचा गोंद सुटतो. आतला पातळ तळवा काढून वेगळा ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ते ओले झाले की बदला. दोनदा बदललेत तर सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. खोली ठरवताना "ड्राइंग रूम" आहे का विचारा. बैठकीची नव्हे, ओले कपडे वाळवायची. हॉस्टेलांत बहुधा असते.

फेरीवर गाडीत बसता येत नाही. बोट सुटली की गाड्यांचा मजला बंद करतात, सगळ्यांना वर जावं लागतं. बहुतेक बोटींवर लिफ्ट असते, पण बुकिंग करताना आणि बंदरावर रांगेत असतानाच काकूंसाठी सांगून ठेवा, म्हणजे गाडी लिफ्टच्या जवळ लावून देतात. मधे खाली येऊन डिकी उघडता येत नाही, म्हणून चौघांची जॅकेटं, कानटोपी, काकांच्या गोळ्या आणि थोडी सेव एका छोट्या पिशवीत आधीच वेगळी काढा, आणि ती पिशवी डिकीत नको, पायाशी ठेवा. वारा फार असेल तर फेरी रद्दही होते. स्कायला पूल आहे, लांबून का होईना गाडीने जाता येतं. मलला नाही, म्हणून ओबानच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवा.